शेणाचे दोन धनी

जनाबाईच्या गोवऱ्यांची आख्यायिका महाराष्ट्रांत कोणाला ठाऊक नाहीं? कबीर तिच्या दर्शनासाठीं पंढरपुरास आला, तों दोन बाया गोवऱ्यांवरून कडाकडा भांडत होत्या. आणि त्यांतलीच एक जनी निघाली. कानाशीं धरल्या असतां ज्यांतून विठ्ठलनाम ऐकूं येईल त्या गोवऱ्या माझ्या, एवढीच खूण तिनें सांगितली, असें ती कथा म्हणते. भाविकांचें लक्ष त्या नामाकडे जातें आणि तें योग्यच आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्या कथेंत आणखीहि एक गोष्ट दिसते. शेण थापून वाळविलेली ती चकती चोरून नेण्याजोगी होती. तिच्यासाठीं दोन बायकांनीं भर रस्त्यांत भांडावें, इतकें तिला मोल होतें. ज्यांच्या दारांत लाकडाच्या मोळ्या येऊन पडतात, अशा घरच्या बायका गोवऱ्यांसाठीं भांडत नाहींत.

श्रोतेहो, शेणापासून निघणाऱ्या ज्या ज्वालाग्राही वायूला आपण गोबरगॅस म्हणतों, त्याचा इतिहास आज मला आपणांपुढें ठेवावयाचा आहे. हा विषय बहुधा यंत्रज्ञांकडे सोंपविला जातो आणि तेहि टाकीच्या मापांपासून आरंभ करतात. मला वाटतें कीं, या वायूची कथा टाकीपासून सुरू होत नाहीं. ती एका जुन्या तंट्यापासून सुरू होते. आपल्याकडे शेणाला दोन धनी आहेत. एक चूल आणि दुसरें शेत. सडा-सारवणाला लागतें तें थोडें. बाकीचें सारें या दोघांनीं वांटून घ्यावयाचें. उकिरड्यावर पडलें तर पुढल्या वर्षीं तें जोंधळ्याच्या ताटांत उभें राहील; भिंतीवर थापलें तर आज भाकरी भाजेल. दोन्ही कामें एकाच पाटीनें होत नाहींत. शेतकऱ्याच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या हा निवाडा रोज सकाळीं होत आला आहे, आणि तो करणारी व्यक्ति बहुतेक घरीं गोठा झाडणारी बाई होती.

एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज अधिकाऱ्यांना मात्र हा निवाडा अगदीं सोपा वाटे. शेतांत घालण्याजोगें खत हा कुणबी चुलींत घालतो, म्हणून याची जमीन निकस झाली, आणि याचें कारण याचें अज्ञान, असें ते लिहून मोकळे होत. रसायनशास्त्राच्या दृष्टीनें तक्रार खोटी नव्हती. गोवरी जळली म्हणजे तिच्यांतील नत्र धुरावाटे निघून जातो आणि जमिनीला भुसभुशीतपणा देणारा सेंद्रिय अंश नाहींसा होतो. राखेंत पालाश आणि स्फुरद तेवढे उरतात. शिवाय साध्या चुलींत गोवरीच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो, बाकीची स्वयंपाकघर तापविते. तरीहि तक्रार खरी आणि तिचें कारण खोटें, असें होऊं शकतें.

तें कारण खोटें आहे, हें एका इंग्रजानेंच सिद्ध केलें. डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे सल्लागार रसायनज्ञ. सरकारनें त्यांना १८८९ सालीं हिंदुस्थानांत धाडलें, वर्षभर ते देशभर हिंडले, आणि १८९३ सालीं त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. शेणाच्या प्रकरणांत त्यांनीं जो निष्कर्ष काढला तो असा : जेथें लाकूड सहज मिळतें तेथें शेतकरी शेण जाळीत नाहीं, जेथें मिळत नाहीं तेथें जाळतो. म्हणजे हा मूर्खपणा नव्हे, ही नड आहे. त्यावर उपाय म्हणून ठिकठिकाणीं सरपण आणि वैरण यांसाठीं खास राखीव रानें वाढवावींत, असें त्यांनीं सुचविलें.

लाकूड कां मिळेनासें झालें, याचें उत्तर व्होल्करसाहेबांच्या अहवालाच्या दहा वर्षें आधींच पुण्यांत लिहिलें गेलें होतें. १८७८ च्या जंगल कायद्यानें सरकारनें रानांवर आपला हक्क पक्का केला. महात्मा जोतीराव फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ च्या ग्रंथांत या जंगलखात्याविषयींची तक्रार आहे. डोंगर, टेकड्या, पडीत जमिनी आणि गायरानें खात्यानें घेरल्यावर गरीब शेतकऱ्याच्या जनावरांना चरावयास जागा उरली नाहीं, हें त्यांनीं सांगितलें आहे. ज्या रानांत गुरें चरत त्याच रानांतून जळणाचा भारा येई. एका हातानें रान बंद करावयाचें आणि दुसऱ्या हातानें शेण जाळल्याबद्दल बोल लावावयाचा, असा हा न्याय होता. पुढें लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालीं शेतकी कमिशन नेमलें गेलें. त्याचा अहवाल १९२८ सालीं आला. व्होल्कर यांच्यानंतर पस्तीस वर्षांनींहि शेण जाळण्याचा प्रश्न त्यांत होता तसाच आहे. व्होल्कर यांचा निष्कर्ष कपाटांत राहिला आणि कुणब्याचें 'अज्ञान' मात्र पाठ्यपुस्तकांत गेलें.

आतां त्या वायूकडे वळूं. इटालींतील अलेस्सांद्रो व्होल्टा हें नांव विजेच्या बॅटरीमुळें आपल्याला परिचित आहे. पण त्या शोधाच्या चोवीस वर्षें आधीं, १७७६ च्या नोव्हेंबर महिन्यांत, हा गृहस्थ माज्जोरे सरोवराच्या कांठीं काठीनें चिखल ढवळीत बसला होता. चिखलांतून बुडबुडे येत. ते तो पाण्यानें भरून उपड्या धरलेल्या बाटलींत गोळा करी आणि त्यांना बत्ती लावून पाही. तो वायु जळत असे. पुढें त्याला मिथेन हें नांव मिळालें. शेण कुजतांना जो वायु सुटतो त्यांतहि हाच पदार्थ असतो, हें १८०८ सालीं हंफ्री डेव्हीनें दाखविलें. डेव्हीचा रोंख जळणाकडे नव्हता. खताच्या ढिगांतून काय निसटतें हें त्याला पाहावयाचें होतें. योगायोग असा कीं, शेताच्या चिंतेंतून चुलीच्या उपयोगाची वस्तु हातीं आली, आणि पुढें शंभर वर्षें कोणाच्या तें लक्षांत आलें नाहीं.

ही क्रिया कशी होते तें थोडक्यांत सांगतों. हवा लागूं न देतां शेण कालवून ठेवलें, तर त्यांतील सूक्ष्म जंतु प्रथम त्याचीं साधीं अम्लें बनवितात. मग दुसऱ्या जातीचे जंतु त्या अम्लांपासून मिथेन तयार करतात. हे दुसरे जंतु गाईच्या पोटांतूनच आलेले असतात. त्यांना हवा सोसत नाहीं, थंडी मानवत नाहीं, आणि पस्तीस अंशांच्या आसपासची ऊब त्यांना फार प्रिय. निघणाऱ्या वायूंत निम्म्यापासून दोनतृतीयांशापर्यंत मिथेन असतो. बाकीचा बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि नाकाला जाणवणारा जो किंचित् वास, तो गंधकयुक्त वायूचा. महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. वायु निघून गेला तरी नत्र त्या रबडींतच राहतो. म्हणजे चुलीला वायु मिळतो आणि शेताला खत मिळतें; दोन धन्यांचा तंटा एका बंद टाकींत मिटतो. निदान कागदावर तरी मिटतो.

या वायूचा पहिला उपयोग शेणापासून झाला नाहीं, माणसांच्या मैल्यापासून झाला. इंग्लंडांत एक्झेटर शहराचे सर्व्हेयर डोनाल्ड कॅमेरॉन यांनीं १८९५ च्या सुमारास सांडपाण्यासाठीं बंद टाकी बांधली आणि तिच्या वायूवर दिवे लावले. आणि दुसरें ठिकाण आपल्या मुंबईंतलें. माटुंग्यास निराधार कुष्ठरुग्णांसाठीं एक आश्रयस्थान होतें. तेथील मैल्याच्या टाक्यांवर १८९७ सालीं वायु धरण्याची व्यवस्था झाली आणि त्या वायूवर पुढें इंजिनहि चाललें.

या माटुंग्याच्या टाकीविषयीं परदेशी पुस्तकांतून एक चूक सर्रास आढळते. जगांतील पहिलें संयंत्र १८५९ सालीं मुंबईच्या कुष्ठरुग्णालयांत झालें, असें एकानें लिहिलें आणि पुढच्यांनीं तें उतरून घेतलें. परंतु माटुंग्याचें हें आश्रयस्थान उघडलेंच मुळीं १८९० सालीं! घर बांधण्यापूर्वीं एकतीस वर्षें त्याच्या टाकीवर दिवे कसे लागले असतील, हा प्रश्न कोणाला सुचलेला दिसत नाहीं. १८९७ हेंच साल सुसंगत आहे. आपल्या अभिमानासाठीं जुनें साल बरें वाटतें, पण तें सोडलें पाहिजे.

हें आश्रयस्थान काढणारे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ हे मराठी वाचकाला अनोळखी नाहींत. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनींच १८९१ सालीं इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे छापून काढले. कांहींचें इंग्रजी भाषांतरहि १८९४ सालीं केलें. गोंधळ्यांच्या तोंडीं असलेले पोवाडे ज्यानें गोळा केले, त्याच्याच स्थापिलेल्या घरांत, समाजानें ज्यांना शिवूं नये असें ठरविलें होतें त्यांच्या मैल्यापासून या देशांतील पहिली गॅसची ज्योत निघाली. मैला आणि ज्योत यांचा हा संबंध पुढें आपण साठ-सत्तर वर्षें विसरलों, त्याचें कारण रसायनशास्त्रांत नाहीं. तें आपल्या विटाळाच्या कल्पनांत आहे.

तंटा मिटविण्याचा एक निराळा प्रयत्न इंदुरास झाला. तेथें १९२४ सालीं निघालेल्या वनस्पतिसंशोधन संस्थेंत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं शेण, गोमूत्र मुरलेली माती, राख आणि शेतांतला काडीकचरा यांचे थर रचून, पाणी देऊन, उलथापालथ करून खत करण्याची रीत बसविली. दोघांच्या नांवानें १९३१ सालीं तिचें पुस्तक निघालें आणि 'इंदूर पद्धति' हें नांव जगभर गेलें. वाडांचें नांव मात्र वाटेंत गळालें. या रीतींत थोडें शेण पुष्कळ काडीकचऱ्याला पुरतें, म्हणून शेताचा लाभ झाला. चुलीला तिनें कांहींच दिलें नाहीं. घरांतली बाई सकाळीं भाकरी कशावर भाजणार, हा प्रश्न त्या पुस्तकाच्या बाहेरच राहिला.

दोघांचाहि विचार करणारा प्रयोग शेतकी संशोधन संस्थेंत झाला. १९३४ च्या भूकंपांत बिहारांतील पुसा येथील तिची इमारत कोसळली. १९३६ सालीं ती दिल्लीस आली आणि येतांना पुसा हें नांवहि बरोबर घेऊन आली. तेथें एस्. व्ही. देसाई यांनीं १९३९ पासून शेण बंद भांड्यांत कुजवून वायु किती निघतो आणि उरलेलें खत कितपत कसदार असतें, याच्या पद्धतशीर नोंदी केल्या. महायुद्धाचे दिवस होते. पेट्रोल मिळेना, म्हणून आपल्याकडे सर्व्हिस मोटारींच्या पाठीवर कोळशाच्या भट्ट्या बसवून त्यांच्या वायूवर गाड्या हांकल्या जात होत्या. ड्रायव्हरच्या आधीं क्लीनर उठून भट्टी फुंकीत बसे. लाकडापासून, कोळशापासून, शेणापासून इंधन काढण्याची बुद्धि टंचाईंत सर्वांनाच सुचते. टंचाई संपतांच मोटारवाल्यांनीं भट्ट्या उतरवून ठेवल्या. खेड्यांतील चुलीची टंचाई कधीं संपलीच नाहीं, म्हणून देसाईंचें काम पुढें चालू राहिलें.

तें काम प्रयोगशाळेंतून गोठ्यापर्यंत आणण्याचें श्रेय जशभाई पटेल यांना आहे. १९५१ सालीं त्यांनीं आपलें 'ग्रामलक्ष्मी' नांवाचें संयंत्र सिद्ध केलें. पुढें खादी आणि ग्रामोद्योग आयोगानें तो नमुना स्वीकारला आणि मुंबईस बोरिवलीच्या कोरा केंद्रांत त्याचें संशोधन आणि शिक्षण सुरू झालें. रचना पाहिली कीं तिचा साधेपणा मनांत भरतो. विहिरीसारखा विटांचा खड्डा. त्यांत एका बाजूनें शेण आणि तितकेंच पाणी कालवून सोडावयाचें, दुसऱ्या बाजूनें पिचलेली रबडी आपोआप बाहेर येते. खड्ड्यावर लोखंडी पिंप उपडें तरंगत असतें. वायु सांचला कीं पिंप वर चढतें, जळला कीं खालीं बसतें. पिंपाच्या वजनामुळें शेगडींत दाब सदैव सारखा मिळतो, आणि आज किती गॅस शिल्लक आहे तें घरांतल्या पोरालाहि दुरून दिसतें. दोन घनमीटरच्या टाकीला रोज सुमारें पन्नास किलो शेण लागतें. हा आंकडा लक्षांत ठेवा. पुढें त्याच्याशीं काम आहे.

ज्यांनीं गोवरीच्या धुरांत आयुष्य काढलें त्या बायकांना ती निळी, धूर नसलेली ज्योत काय वाटली असेल, हें पुरुषांनीं लिहिलेल्या अहवालांत फारसें सांपडत नाहीं. तेथें नत्राचे टक्के असतात. डोळ्यांतून पाणी न येतां चहा झाला, भांडीं काळीं झालीं नाहींत, पावसाळ्यांत ओल्या गोवरीशीं झुंजावें लागलें नाहीं, या गोष्टींना कोष्टकांत रकाना नसतो.

तरीहि पहिलीं वीस वर्षें प्रसार मंद होता. १९७३ सालीं तेलाचे भाव भडकले, तेव्हां सरकारला शेण आठवलें. १९८१-८२ पासून बायोगॅसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, अनुदानें मिळूं लागलीं, आणि आजवर देशांत बांधलेल्या घरगुती संयंत्रांची संख्या पन्नास लाखांच्या घरांत गेली. महाराष्ट्र या कामीं अग्रेसर राहिला. परंतु बांधलेलें आणि चालणारें यांत अंतर असतें. लोखंडी पिंपें गंजलीं. त्यांना वर्षावर्षाला रंग द्यावा लागे, तो दिला गेला नाहीं. दुष्काळांत जनावरें विकलीं गेलीं आणि टाकी उपाशी राहिली. उत्तरेकडे थंडींत वायु निम्मा होई. पिंप महाग, म्हणून चीनमधील घुमटासारख्या टाकीवरून १९७८ च्या सुमारास उत्तर प्रदेशांत अजितमल येथें 'जनता' नमुना निघाला, आणि १९८४ सालीं त्याहून स्वस्त 'दीनबंधु'. यांत लोखंड नाहीं. पण घुमटाला केसाएवढी चीर गेली तरी वायु निसटतो, म्हणून सारी भिस्त गवंड्याच्या हातावर. चांगला गवंडी जेथें होता तेथें टाक्या टिकल्या.

माटुंग्यास तुटलेला धागा पुन्हां जोडला गेला तो देहूस. कोंकणांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं भंगीमुक्तीसाठीं संडास आणि सोनखत यांचें काम कणकवलीच्या गोपुरी आश्रमांतून चालविलें होतें. डॉ. मापुसकर नांवाचे तरुण डॉक्टर १९६० च्या सुमारास देहूस सरकारी दवाखान्यांत आले. गांवांत संडास नव्हते. रोगी बरे करावे आणि त्यांनीं त्याच रोगानें पुन्हां यावें, असें चाले. त्यांनीं बांधून घेतलेले पहिले संडास पहिल्याच पावसांत ढांसळले. मग ते अप्पासाहेबांच्या रीतींकडे वळले, आणि पुढें संडासाला जोडलेलें गॅसचें संयंत्र त्यांनीं गांवांत रुजविलें. मैल्याच्या गॅसवर शिजलेलें अन्न वारकऱ्यांच्या गांवानें खावें, यासाठीं किती वर्षें बोलावें लागलें असेल, याची कल्पना करा. संपूर्ण गांवांत संडास होण्यास चाळीसहून अधिक वर्षें लागलीं. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१७ सालीं, मृत्यूनंतर दोन वर्षांनीं.

आतां त्या पन्नास किलो शेणाकडे येऊं. इतकें शेण रोज गोठ्यांत पडण्यास चार-पांच मोठीं जनावरें हवींत. तीं ज्याच्या दावणीला आहेत तो खेड्यांतला बरा खातापिता शेतकरी. म्हणजे टाकी त्याच्या घरीं, अनुदान त्याला, निळी ज्योत त्याच्या बायकोला. ज्या बाईजवळ जनावर नाहीं, शेत नाहीं, ती आजवर काय करीत होती? रस्त्यावरचें, रानांतलें, पाणवठ्यावरचें शेण पाटींत भरून आणीत होती. कधीं मोठ्या गोठ्यांतलें झाडलोटीच्या बदल्यांत नेत होती. त्याच्या गोवऱ्या थापून निम्म्या जाळीत आणि निम्म्या विकीत होती. शेण ही गांवांतली शेवटची फुकट वस्तु होती. गोठ्याच्या मालकानें टाकी बांधली त्या दिवशीं ती फुकट राहिली नाहीं. पडलेलें शेण माती घेऊन उठतें, अशी म्हण आहे. या वेळीं तें किंमत घेऊन उठलें, आणि ती किंमत मोजावयास त्या बाईजवळ कांहीं नव्हतें. सत्तरीच्या दशकांतच अर्थशास्त्रज्ञांनीं हें दाखवून दिलें होतें. चूल आणि शेत हे दोन धनी म्हणून मी आरंभीं सांगितले. पण चूल एक नव्हे, गांवांत चुली दोन प्रकारच्या आहेत, आणि तंटा मिटला तो एकाच प्रकारच्या चुलीचा.

यावर सार्वजनिक टाकी हा उपाय अनेक ठिकाणीं करून पाहिला गेला आणि बहुतेक ठिकाणीं भांडणांत बुडाला. शेण कोणीं किती घातलें आणि गॅस कोणाला किती, याचा हिशोब जुळत नसे. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंतील अमूल्य रेड्डी आणि त्यांचे सहकारी यांना तुमकूर जिल्ह्यांतील पुरा या गांवीं हाच अनुभव आला. मोजमाप केल्यावर कळलें कीं, गांवांतल्या साऱ्या शेणाचा वायु साऱ्या चुलींना पुरणार नाहीं. तेव्हां त्यांनीं एक शहाणपणाचा निर्णय घेतला. चुलीचा नाद सोडून १९८७ सालीं त्या वायूवर इंजिन चालविलें. त्याच्या विजेनें विंधणविहिरीचें पाणी वर चढलें आणि घरोघर दिवे लागले. पाणी आणि दिवा यांची वांटणी करतां येते, तशी चुलीच्या ज्योतीची येत नाहीं. शेण आणून देणाराला किलोमागें दोन पैसे पोंचविण्याची मजुरी मिळे आणि त्याच्या वांट्याची रबडी परत मिळे. म्हणजे शेत आपला हक्क गमावीत नसे. गोबरगॅसच्या साऱ्या इतिहासांत मला पुऱ्याचा हा हिशोब सर्वांत प्रामाणिक वाटतो.

शेणच नको, असें म्हणणारा माणूस पुण्यास निघाला. डॉ. आनंद कर्वे यांचा तर्क साधा होता. गाईनें वैरणींतला कस आधींच काढून घेतलेला असतो. शेण म्हणजे उरलासुरला चोथा. जंतूंना चोथ्याऐवजीं खरें अन्न, म्हणजे उरलेला भात, शिळी भाकरी, किडकें धान्य, सडलेलीं फळें दिलीं तर? आरंभीं विरजणापुरतें शेण घालावयाचें आणि मग रोज एक-दोन किलो पिठूळ पदार्थ. चाळीस किलो शेणाला जें साधावयाला चाळीस दिवस लागतात, तें यांत एक-दोन दिवसांत होतें, असें त्यांनीं दाखविलें. त्यांच्या संस्थेला या संयंत्राबद्दल २००६ सालीं इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. गोठा नसलेल्या शहरी घरांतहि टाकी बसूं लागली. गरिबाच्या घरीं मात्र शिळी भाकरी उरत नाहीं, ही अडचण कर्व्यांच्या रसायनाबाहेरची.

शहरांत उष्टें-खरकटें डोंगराएवढें सांचतें, म्हणून हा धंदा आतां शहरांनीं उचलला आहे. हॉवर्ड आणि वाड यांच्या त्याच इंदुरांत फेब्रुवारी २०२२ मध्यें रोज साडेपांचशें टन ओला कचरा पचविणारें संयंत्र सुरू झालें. त्यांतून रोज सुमारें सतरा हजार किलो शुद्ध केलेला वायु मोटारींसाठीं निघावा अशी त्याची योजना आहे. खेड्यांत या काळांत सिलिंडर पोंचले. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनें ते कोट्यवधि गरीब घरांत नेले, पण दुसरा सिलिंडर भरावयाची ऐपत नसली कीं तो कोपऱ्यांत उभा राहतो आणि भिंतीवर पुन्हां गोवऱ्या दिसूं लागतात.

शेण वेंचणाऱ्या बाईला उघडपणें दाम देण्याचा मोठा प्रयोग एकदां झाला, तो छत्तीसगडांत. २० जुलै २०२० रोजीं, हरेली सणाच्या दिवशीं, त्या राज्याच्या सरकारनें दोन रुपये किलो दरानें शेण विकत घेण्यास प्रारंभ केला. पुऱ्याचे दोन पैसे येथें दोन रुपये झाले. गांवोगांवच्या गोठाणांत वजनकांटे आले, बायकांच्या मंडळांनीं गांडुळखत केलें, कोठें कोठें वीजहि काढली, आणि शेण घालणाऱ्यांत भूमिहीन पुष्कळ होते. पुढच्याच वर्षीं, जून २०२१ मध्यें, कोरबा जिल्ह्यांतील धुरेना गांवच्या गोठाणांतून एका रात्रींत आठशें किलो शेण नाहींसें झालें. समितीच्या प्रमुखानें दीपका ठाण्यांत फिर्याद दिली, आणि पोलिसांनीं सोळाशें रुपये किंमतीच्या शेणाच्या चोरीचा गुन्हा अज्ञात इसमांविरुद्ध रीतसर नोंदवून घेतला.